सरफोजी राजे : तंजावरच्या राजवाड्यातील दोन संगीतांचा मेळ

घरच्या ध्वनिमुद्रण कक्षात आज मिक्सरच्या साहाय्याने गायन, मृदंग, व्हायोलिन अशा प्रत्येक ध्वनीची पातळी स्वतंत्रपणे कमी-अधिक करता येते. दोनशे वर्षांपूर्वी हा समतोल वाद्यांची निवड, वादकांची संख्या, त्यांची बैठक आणि स्वरलेखन यांवरच अवलंबून असे. त्या काळात भारतीय आणि पाश्चात्त्य वाद्यांना एकाच राजवाड्यात स्थान देणारे राजे म्हणजे तंजावरचे सरफोजी भोसले (दुसरे) होत.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकात तंजावर येथे मराठी सत्ता स्थापन केली. याच घराण्यातील तुळजाजी राजे यांनी १७८७ मध्ये निधनापूर्वी, १७७७ मध्ये जन्मलेल्या सरफोजींना दत्तक घेतले. मात्र तुळजाजींचे बंधू अमरसिंह यांनी दत्तकविधान अमान्य ठरवून गादी मिळविली. बाल सरफोजींना कोंडून ठेवण्यात आले आणि त्यांचे शिक्षण खुंटले. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी त्यांच्या सुरक्षिततेसाठी त्यांना मद्रास येथे नेले. तेथे भाषा आणि विज्ञान यांसोबतच पाश्चात्त्य संगीताशीही त्यांचा परिचय झाला.

१७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. मात्र पुढच्याच वर्षी झालेल्या तहान्वये राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे वार्षिक नेमणूक, महसुलाचा पाचवा हिस्सा आणि किल्ल्यापुरता अधिकार एवढेच उरले. सैन्य, न्याय आणि करवसुली हातून गेलेल्या या राजाने उरलेल्या साधनांचा उपयोग विद्या आणि कला यांसाठी केला.

नायक राजांच्या काळापासून तंजावरच्या राजवाड्यात संगीत आणि नृत्य यांची परंपरा होती. सरफोजींनी तिच्या जोडीला पाश्चात्त्य वाद्यांचा बँड उभा केला. भारतीय संगीत मुख्यत्वे गुरुमुखातून शिकले जाते, तर बँडमधील प्रत्येक वादकास आपला स्वतंत्र भाग लिहिलेला लागतो. त्यामुळे स्वरलेखनाला महत्त्व प्राप्त झाले. दरबारातील वराहप्पय्यर यांचे नाव दक्षिणेतील आरंभीच्या व्हायोलिनवादकांत घेतले जाते.

नव्याच्या आगमनाने जुन्याचा आवाज दडपला गेला नाही, हे येथे विशेष उल्लेखनीय आहे. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या चार बंधूंना याच दरबाराचा आश्रय लाभला. भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा आजचा क्रम निश्चित करण्याचे श्रेय या बंधूंना दिले जाते. नृत्यासाठी मराठी भाषेत निरूपणे रचण्यात आली. त्यांत एकच कथा अठरा प्रकारच्या रचनांमधून, एकाच रागात आणि तालात मांडली जाते. तमिळ प्रदेश, तेलुगु पदांची परंपरा, मराठी राजघराणे आणि युरोपीय वाद्ये असे चार प्रवाह या वास्तूत एकत्र नांदत होते.

राजांचे कार्य संगीतापुरते मर्यादित नव्हते. त्यांनी देवनागरी मुद्रणालय सुरू केले, धन्वंतरी महालात औषधविद्येच्या अभ्यासाची व्यवस्था केली आणि १८२० ते १८२२ या काळातील काशीयात्रेतही ग्रंथसंग्रह केला. भोसले घराण्याचा इतिहास त्यांनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरविला.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी राजे यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी राजे १८५५ मध्ये पुरुष वारसाविना निवर्तले आणि कंपनीने हे राजपदही संपुष्टात आणले. राजवाड्यात रुजलेली वाद्ये मात्र टिकून राहिली. क्लॅरिनेट नृत्याच्या साथीत आले. अनेकांच्या प्रयत्नांतून व्हायोलिन कर्नाटक संगीतात असे मिसळून गेले की त्याचे परकेपण आज कोणास जाणवत नाही. राजांचा ग्रंथसंग्रह १९१८ मध्ये सर्वांसाठी खुला करण्यात आला. राजवाड्याच्या परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालय आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.