मधुमेहावरचं औषध शोधत होते, सदाफुलीच्या पानांत कॅन्सरचं औषध सापडलं : गोष्ट रॉबर्ट नोबल यांची

रोज सकाळी सदाफुलीची पानं चावून खाल्ली की शुगर जाते आणि कॅन्सरही बरा होतो, असा मेसेज तुमच्याही व्हॉट्सॲपवर कधी ना कधी आला असेल. सदाफुलीचा आणि कॅन्सरच्या औषधाचा संबंध आहे, हे खरं आहे. पण तो पानं चावून कळलेला नाही. तो शोधणारा माणूस होता कॅनडाचा डॉ. रॉबर्ट नोबल.

नोबल यांचा जन्म १९१० मध्ये टोरांटोत झाला. त्यांचे भाऊ क्लार्क हेही डॉक्टर. १९२१ मध्ये इन्सुलिनच्या शोधात बँटिंग यांना मदतनीस हवा होता. क्लार्क आणि चार्ल्स बेस्ट या दोन विद्यार्थ्यांनी नाणेफेक केली. बेस्ट जिंकले आणि इतिहासात गेले.

पण क्लार्क यांच्या नशिबात दुसऱ्या एका शोधाची सुरुवात लिहिली होती. १९५२ मध्ये जमैकाहून त्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी पाकिटातून २५ पानं पाठवली. ती होती सदाफुलीची. जमैकात मधुमेहाचे रुग्ण या पानांचा चहा पीत. क्लार्क तोवर निवृत्त झाले होते, म्हणून त्यांनी पाकीट धाकट्या भावाकडे दिलं. रॉबर्ट तेव्हा कॅनडातल्या लंडन शहरात, वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात संशोधन करत होते.

त्यांनी पानांचा अर्क उंदरांना पाजला. रक्तातली साखर काही हलली नाही. मग अर्काचं इंजेक्शन दिलं. तेव्हा मात्र उंदीर आठवडाभरात मेले!

दुसऱ्या कुणी पानं कचऱ्यात टाकली असती. नोबल यांनी उंदीर कशानं मेले ते तपासलं. अंगात जंतुसंसर्गाचे गळू झाले होते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं घटल्या होत्या, त्यामुळे साध्या जंतूंशीही शरीर लढू शकलं नव्हतं. अर्कानं पांढऱ्या पेशी बनवणारा अस्थिमज्जाच दाबून टाकला होता.

इथे नोबल यांनी प्रश्न उलटा केला. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. मग जे निरोगी उंदराला मारतं, तेच तिथे उपयोगी पडलं तर?

पण अर्कात शेकडो रसायनं असतात. नेमकं कोणतं काम करतं? १९५४ मध्ये रसायनतज्ज्ञ चार्ल्स बीअर त्यांच्यासोबत आले. अर्काचे भाग वेगळे करायचे, प्रत्येक भाग उंदरांना टोचायचा, पांढऱ्या पेशी मोजायच्या, असं काम काही वर्षं चाललं. शेवटी शुद्ध रसायन हाती आलं : व्हिनब्लास्टिन. उंदरांमध्ये वाढवलेल्या गाठींवर त्याचा परिणाम दिसला.

१९५८ मध्ये नोबल आणि बीअर यांनी न्यूयॉर्कच्या परिषदेत हे मांडलं. योगायोग म्हणजे अमेरिकेतली एली लिली कंपनीही मधुमेहासाठीच सदाफुली तपासत होती. त्यांचा अर्क दिलेले ल्युकेमियाचे उंदीर जास्त जगले होते. पुढे दोघांनी एकत्र काम केलं. लिलीच्या संशोधकांना सदाफुलीतच व्हिन्क्रिस्टिन हे दुसरं औषधही मिळालं.

ही औषधं पेशीचं विभाजन अर्ध्यावर थांबवतात. व्हिनब्लास्टिन हॉजकिन्स आजारात, तर व्हिन्क्रिस्टिन लहान मुलांच्या ल्युकेमियात आजही इतर औषधांसोबत दिलं जातं.

नोबल १९६० मध्ये व्हँकुव्हरला गेले, तिथेही कॅन्सरवरच काम करत राहिले. १९९० मध्ये त्यांचं निधन झालं.

आता पुन्हा त्या मेसेजकडे या. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. रुग्णाला औषध मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून, रक्ताच्या तपासण्या करत दिलं जातं, कारण डोस चुकला तर त्या उंदरांचं झालं तेच माणसाचं होऊ शकतं. चार पानांत औषध किती आणि विष किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून सदाफुली कुंडीत जरूर लावा, पण उपचारांसाठी डॉक्टरांकडेच जा.