सत्तेविना संसदेत : बाबासाहेबांचे 1954 चे वर्ष

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. संविधानाचे शिल्पकार म्हणून जग त्यांना ओळखते. सत्तेबाहेरचे त्यांचे संसदीय कार्य मात्र फारसे सांगितले जात नाही. हिंदू कोड बिल रखडल्याने 1951 मध्ये त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. 1952 मध्ये मुंबईतून लोकसभेची निवडणूक हरल्यावर ते राज्यसभेवर गेले. 1954 मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पराभव झाला. प्रकृतीही खालावली होती.

त्याच वर्षी 26 ऑगस्टला परराष्ट्र धोरणावर बोलताना तिबेटवरील चीनचा ताबा मान्य करण्यातला आणि पंचशीलावर विसंबण्यातला धोका त्यांनी दाखविला. 16 सप्टेंबरला अस्पृश्यता (अपराध) विधेयकाची त्यांनी कठोर चिकित्सा केली. गृहमंत्री काटजूंनी ठेवलेल्या सौम्य शिक्षा त्यांना अमान्य होत्या. नागरी हक्कांचे संरक्षण हा कायद्याचा गाभा असल्याने तो नावातच दिसावा, असे त्यांनी सुचविले. सूचना स्वीकारली गेली नाही. 1955 चा कायदा जुन्याच नावाने आला.

6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पुढे 1976 च्या दुरुस्तीने त्याच कायद्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले व शिक्षाही वाढल्या.

वारंगा फाट्याच्या पंचक्रोशीतून शिकावयास आलेल्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानी घ्यावे. पाठीशी बहुमत नसतानाही बाबासाहेब अभ्यास करूनच सभागृहात उभे राहिले. समता ही कोणाची कृपा नसून आपला हक्क आहे, हे देशाच्या कायद्याला नावानिशी मान्य करावयास बावीस वर्षे लागली.