वल्ही हरली, ताट जिंकले

राजघराण्याच्या अंत्ययात्रांची व्यवस्था पाहणारे लंडनचे विल्यम बँटिंग (१७९६-१८७८) जगाच्या स्मरणात राहिले ते मात्र सुटलेल्या पोटामुळे. साठी ओलांडल्यावर त्यांना वाकून बुटाची नाडीही बांधता येईना. गुडघ्यांना हिसका बसू नये म्हणून ते जिना पाठमोरे उतरत. चारचौघांत होणारी कुचेष्टा अधिकच जिव्हारी लागे.

उपाय म्हणून त्यांनी नित्यनेमाने नौका वल्हवली. स्नायू बळकट झाले, पण भूकही वाढली आणि पोट काही हटले नाही. समुद्रस्नाने, बाष्पस्नाने, औषधेही व्यर्थ ठरली. ऐकू कमी येऊ लागल्याने १८६२ मध्ये ते कानाचे शल्यविशारद विल्यम हार्वे यांच्याकडे गेले. दुखण्याचे मूळ मेदात असल्याचे हार्वे यांनी ताडले आणि पाव, लोणी, दूध, साखर, बिअर व बटाटे वर्ज्य केले. बँटिंग यांचे वजन तेव्हा २०२ पौंड होते. वर्षभरात ते ४६ पौंडांनी घटले. कंबरेचा घेर सव्वाबारा इंचांनी उतरला.

१८६३ मध्ये हा अनुभव त्यांनी पदरमोड करून पुस्तिकारूपाने छापला आणि विनामूल्य वाटला. अनेक डॉक्टरांनी टीकेची झोड उठवली. वाचकांच्या मात्र तिच्यावर उड्या पडल्या. स्वीडिश भाषेत आहार आटोक्यात ठेवण्यासाठी आजही त्यांच्या नावावरून आलेले ‘बांता’ हे क्रियापद रूढ आहे.

पोटाच्या व्यायामाने स्नायू घट्ट होतात, पण त्यांवरचा मेद नेमका तेवढाच झडत नाही, हे आज सर्वमान्य आहे. बँटिंग यांना ते वल्ही मारता मारता कळून चुकले होते.