सखाराम गणेश पंडित

सखाराम गणेश पंडित (१८७५–१९५९) हे अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे वकिली करणारे भारतीय विधिज्ञ होते. त्यांचे अमेरिकी नागरिकत्व रद्द करण्यासाठी तेथील सरकारने दाखल केलेला दावा त्यांनी परतवून लावला.

पंडितांचा जन्म अहमदाबाद येथे झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते अमेरिकेस गेले. १९१४ मध्ये, सरकारने हरकत घेतलेली असतानाही, लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने त्यांना नागरिकत्व बहाल केले. १९१७ मध्ये त्यांना वकिलीची सनद मिळाली. पुढे त्यांनी एका अमेरिकी स्त्रीशी विवाह केला.

नागरिकत्वाचा दावा

तत्कालीन कायद्याने परदेशीयांपैकी केवळ गोऱ्या व आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींनाच नागरिकत्व मिळू शके. फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात (हे थिंड म्हणजे हुतात्मा भगतसिंग नव्हेत) भारतीय हे सामान्य अर्थाने गोरे नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यानंतर सरकारने पूर्वी दिलेली नागरिकत्वेही परत घेण्यास आरंभ केला. पंडितांचे पक्षकार अक्षयकुमार मजुमदार यांचे नागरिकत्व असेच गेले.

स्वतःच्या दाव्यात पंडितांचे सर्वस्वच पणाला लागले होते. निकाल विरुद्ध गेल्यास सनद जाणार होती, कॅलिफोर्नियात जमीन बाळगणे अशक्य होणार होते आणि १९२२ च्या कायद्यामुळे पत्नीचेही नागरिकत्व धोक्यात येणार होते. वंशाचा वाद थिंड खटल्यातच संपला होता. म्हणून पंडितांनी बचावाचा रोख १९१४ च्या निवाड्याकडे वळविला. सरकारने तेव्हा हजर राहून हरकत घेतली होती, मात्र अपील केले नव्हते. तेव्हा तोच प्रश्न पुन्हा उकरून काढता येणार नाही, ही त्यांची मुख्य भूमिका होती. त्या निवाड्यावर विसंबून आपण भारतातील वारसाहक्क सोडला, व्यवसाय उभारला, संसार थाटला, हेही त्यांनी पुराव्यानिशी मांडले. वकिली डावपेच म्हणून ही निवड अचूक होती.

जिल्हा न्यायालयाने पंडितांच्या बाजूने निकाल दिला. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज फेटाळला. पुढे भारतीयांविरुद्धचे प्रलंबित दावे सरकारने सोडून दिले.

आधीच नागरिकत्व गमावलेल्यांना मात्र या निकालाचा उपयोग झाला नाही. त्यांपैकी वैष्णोदास बगाई यांनी मार्च १९२८ मध्ये आत्महत्या केली. भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग कायद्याने खुला झाला तो १९४६ मध्ये. पंडितांचे निधन १९५९ मध्ये झाले.