खुर्ची झिजली, पण सोडली नाही : पियानोवादक ग्लेन गूल्ड

१९३२ साली कॅनडातल्या टोरांटोत जन्मलेला ग्लेन गूल्ड वाजवायला बसला की आधी नजरेत भरायची ती त्याची बैठक. वडिलांनी घडीच्या खुर्चीचे पाय कापून ती जेमतेम १४ इंच उंचीची करून दिलेली. त्यामुळे नाक जवळपास पट्ट्यांना टेकायचं. डोळे मिटलेले, अंग गोल गोल डोलतंय, एक हात मोकळा झाला की तोच हवेत फिरतोय. वर तोंडाने गुणगुणणं चालूच! लहानपणी आईने वाजवता वाजवता गायला शिकवलं होतं. ती सवय जन्मभर सुटली नाही, रेकॉर्डमध्येही उतरली.

काही समीक्षकांना हे नुसते चाळे वाटले. पण १९६४ मध्ये, अवघ्या ३१ व्या वर्षी, त्याने मैफली कायमच्या बंद केल्या. पुढे स्टुडिओत समोर एकही श्रोता नसताना गडी तसाच डोलत, गुणगुणत वाजवत राहिला. मग दिखावा कुणासाठी?

खुर्चीची बैठक झिजून नुसता सांगाडा उरला, तरी खुर्ची तीच. १९८१ मध्ये त्याने बाखचं 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' दुसऱ्यांदा रेकॉर्ड केलं, त्याच्या चित्रीकरणात हे सगळं दिसतं. पुढच्याच वर्षी, पन्नाशी गाठून काही दिवस होतात न होतात तोच पक्षाघाताने तो गेला. खुर्ची मात्र कॅनडाने जपून ठेवली.