एल्ड्रिज जॉन्सन: रेकॉर्डवरचा भार उतरवणारा कारागीर

नवा टर्नटेबल घरी आला की पहिले काम टोनआर्म जुळवण्याचे. सुई रेकॉर्डवर किती भाराने टेकावी, हा प्रश्न मात्र सव्वाशे वर्षे जुना आहे. त्याचे उत्तर शोधणाऱ्यांत एल्ड्रिज जॉन्सन यांचे नाव आघाडीवर आहे.

कोण होते जॉन्सन?
जन्म 1867, अमेरिकेतील डेलावेअर राज्यात. आई लहानपणीच गेली. कॉलेज तुझ्या आवाक्यातले नाही, असे शाळेने सांगितल्यावर ते फिलाडेल्फियात यंत्रकाम शिकले. पुढे कॅम्डेनमध्ये त्यांनी स्वतःचा कारखाना उभा केला. 1896 मध्ये एमिल बर्लिनर यांच्या हाताने फिरवायच्या ग्रामोफोनसाठी त्यांनी चावीची मोटर बनवली.

धंदा कसा वाचला?
1900 मध्ये कोर्टाच्या आदेशाने बर्लिनर यांची अमेरिकेतील विक्री थांबली. जॉन्सन यांचा एकमेव मोठा गिऱ्हाईक गेला. पैसा कारखान्यात अडकलेला, माल पडून. त्यांनी स्वतःच यंत्रे विकायला काढली, त्यांच्यावरही खटला झाला, पण ते टिकले. 1901 मध्ये 'व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी' उभी राहिली.

टोनआर्मने काय बदलले?
आधी कर्णा थेट साउंड बॉक्सला जोडलेला असे. त्याचा भार सुईवर यायचा आणि रेकॉर्ड झिजायची. कर्णा मोठा करावा तर झीज आणखी वाढणार. 1903च्या सुमारास जॉन्सन यांनी सुईकडे निमुळता आणि कर्ण्याकडे रुंद होत जाणारा पोकळ टोनआर्म आणला. कर्ण्याचा भार मागच्या आधाराने पेलला आणि आवाज पोकळ हातातून कर्ण्यापर्यंत पोहोचू लागला. 1906 मध्ये तर कर्णा पेटीच्या आत गेला. हीच 'व्हिक्ट्रोला'.

आज काय करावे?
आता आवाज तारेतून जातो, पण भाराचे तत्त्व तेच आहे. मागचे वजन फिरवून आर्म आधी हवेत आडवा तरंगता ठेवा. मग वजनाचा आकडा शून्यावर आणून कंपनीने सांगितलेला भार द्या. बहुतेक कार्ट्रिजसाठी तो दीड ते दोन ग्रॅम असतो. भार जास्त झाला तर खाच झिजते. कमी झाला तर सुई उड्या मारते आणि त्यानेही खाच बिघडते.

जॉन्सन यांनी 1927 मध्ये कंपनीतील आपला हिस्सा विकला. 1945 मध्ये त्यांचे निधन झाले.