फुप्फुसांतले पहारेकरी आणि मेचनिकॉव्ह

सिन्नरमध्ये विड्या वळताना उडणारी तंबाखूची पूड श्वासाबरोबर आत जाते. जाड कण नाका-घशात अडतात, अगदी बारीक कण फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथे भक्षक पेशी पहाऱ्यावर असतात. त्या धूळ गिळतात, जंतू गिळतात, आणि फ्लूचा विषाणू आला तर इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. विषाणूने ग्रासलेल्या पेशी नष्ट करणाऱ्या टी-पेशी मागाहून येतात. पहिले काही दिवस हेच पहारेकरी किल्ला लढवतात. विडीच्या धुराने मात्र त्यांचीच ताकद घटते.

पेशींचे हे गिळणे म्हणजे शरीराचे संरक्षण, हे ठामपणे मांडले इल्या मेचनिकॉव्ह यांनी. जन्म १८४५ चा, आजच्या युक्रेनमधील खार्किवजवळचा. १८६९ मध्ये ल्युदमिलाशी लग्न झाले तेव्हा ती आजारपणाने इतकी खंगली होती, की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. क्षयावर तेव्हा हवापालटापलीकडे उपाय नव्हता. मदेइरा बेटापर्यंत नेऊनही १८७३ मध्ये ती गेली. खचलेल्या मेचनिकॉव्ह यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले.

पुढे ओदेसा विद्यापीठातल्या राजकारणाला कंटाळून त्यांनी प्राध्यापकी सोडली आणि दुसरी पत्नी ओल्गासह सिसिलीतले मेसिना गाठले. १८८२ मध्ये एके दिवशी घरची मंडळी सर्कशीला गेली होती. एकटे बसून ते तारामाशाच्या पारदर्शक अळ्या सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. अंगणातल्या गुलाबाचा काटा त्यांनी अळीत टोचला. रात्रभर झोप नाही. सकाळी पाहिले, तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला!

यावर टीका भरपूर झाली. या पेशी जंतूंना मारत नाहीत, उलट अंगभर पसरवतात, असे अनेक डॉक्टर मानत. मेचनिकॉव्ह भांडत राहिले. १८८८ पासून पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून. त्यांचा ओदेसातला विद्यार्थी हाफकिनही तिथे आला, आणि त्यानेच १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची.

१९०८ चे नोबेल मेचनिकॉव्ह यांना पॉल एर्लिख यांच्यासोबत विभागून मिळाले. १९१६ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझाची साथ महाराष्ट्रात शिरली.